वाकडी कापलेली अर्धी गोळी

रफूवालीच्या बोटांची एक गोष्ट लाँड्रीत नेहमी सांगितली जायची. एका गृहस्थाने रफू झालेला कोट परत आणला आणि भांडायलाच उभा राहिला. म्हणे, "माझ्या कोटाला भोक होतं. हा दुसऱ्याचाच कोट माझ्या गळ्यात मारताय." तिने भिंगाखाली ती जागा दाखवली, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि उभ्यात आडवा असा विणत जायचा, की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते कळू नये. वीस वर्षं लाँड्रीच्या काचेच्या दाराशी तिचं टेबल होतं. देवाने आपल्याला फार काही दिलं नाही, पण बोटं दिली, असं ती म्हणायची आणि रोज सुई हातात घेण्याआधी हात जोडायची.

तीन वर्षांपूर्वी तिला धडधड सुरू झाली. टेबलाशी बसल्या बसल्या घाम फुटायचा, दार अंगावर येतंय असं वाटायचं, बसमध्ये चढायला पाय उचलायचा नाही. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी घ्यायला बारीक पांढरी गोळी लिहून दिली. आठवड्याभरात ती पुन्हा टेबलाशी बसू लागली.

घरी नवरा होता. शाळेत खेळाचा मास्तर म्हणून निवृत्त झालेला. अख्खी गल्ली त्याला शिट्टीसर म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. पाहुणे आले की तो सांगायचा, "आमच्याकडे दोघी राहतात. एक ही, आणि एक हिची गोळी. दुसरीचा मान जास्त." पाहुणे हसायचे. तीही हसायची, चहा ओतायची आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहायची.

कारण हीच भीती तिला आतून पोखरत होती. आधी धडधडीची भीती होती, आता गोळीची. एखादे दिवशी दुकानात गोळी नसली तर आपण उरू का? ती दर भेटीत विचारायची, "डॉक्टर, मला सवय तर नाही ना लागली?"

"शरीराला झालीय सवय," डॉक्टर म्हणाले. "त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सोडायची तर हळूहळू सोडू. दोन महिने पाऊण, मग दोन महिने अर्धी, मग पाव. पण एकदम बंद करायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही."

तिने हे मनावर घेतलं. दर पंधरवड्याला दुपारी ती कागद पसरून बसायची आणि ब्लेडने गोळ्या कापायची. कापलेला प्रत्येक तुकडा सारखा, काठ सरळ. मग ते बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. पाऊण झाली, अर्धीही अंगवळणी पडली. तीन महिन्यांत एकदाही टेबल चुकलं नाही. ती देवाला म्हणायची, "मला तुझ्या भरवशावर राहायचंय. एवढी पाव तेवढी पार पाड."

शिट्टीसरांना हे नाटक वाटायचं. "गोळीचे तुकडे काय करतेस, केक आहे का? मनाला लगाम घाल. मी पोरांना सहा फेऱ्या मारायला लावायचो, कुणी धडधड म्हणालं नाही."

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, त्यांचं दुकान चालायला हवं."

पावावर जायला महिना राहिला होता. एका संध्याकाळी तिने डबी उघडली आणि तिचे हात थांबले. अर्ध्या गोळ्या वाकड्या कापलेल्या होत्या. काही जाड, काही बारीक, एकीचा तर काठच कुरतडल्यासारखा. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या हातून असं कधीच होत नसे. मग तिला कळलं, किंवा कळलं असं वाटलं, की आपली बोटं गेली. आपल्याला समजलंही नाही आणि बोटं गेली.

तिने कुणाला सांगितलं नाही. वाकडी गोळी गिळली.

चौथ्या दिवशी झोप गेली. सहाव्या दिवशी कानात घूं घूं सुरू झालं आणि हात असे थरथरायला लागले की सुईत धागा जाईना. तिने स्वतःलाच धारेवर धरलं. अर्धी गोळी चालू आहे, तरी ही दशा! म्हणजे आपणच फुटक्या आहोत.

नवव्या दिवशी लोकरी कोट आला. छातीवर सिगारेटचं भोक. आतल्या शिवणीतून धागा काढताना तिचा हात झटकन उडाला आणि कात्री थेट बाहेरच्या चांगल्या कापडात गेली.

लाँड्रीवाल्याने कोट उजेडात धरला. "बाई, माणूस एक भोक घेऊन आला होता. मी त्याला दोन परत देऊ?"

"मी बुजवते. दोन्ही बुजवते."

"या हातांनी?" तो म्हणाला. "चमचा तरी धरता येतोय का?" दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या टेबलावर धुतलेल्या पडद्यांचा ढीग होता. तिचं भिंग आणि सुया पिशवीत भरून दाराशी ठेवल्या होत्या.

बाराव्या दिवशी, रविवारी, नणंद आणि तिचा नवरा चहाला आले. रफूवाली कप आणत होती, बशीवर कप खडखडत होता. शिट्टीसरांनी खिशातून शिट्टी काढून एकदा फुंकली.

"ऐका! आज बारा दिवस झाले, ही गोळी घेत नाहीये. डबीत मी व्हिटॅमिनच्या भरल्यात. हिची गोळी माझ्या कपाटात. आहे जिवंत की नाही? सगळे मनाचे खेळ!"

"अय्या दादा, तू पण ना!" नणंद हसून म्हणाली. "वहिनी, बघा, सुटली तुमची गोळी. पेढे द्या आता."

रफूवालीने कप खाली ठेवला. "कापल्या कुणी?"

"मीच. माझ्या चाकूने. रात्रभर बसलो होतो म्हणायला हरकत नाही."

"म्हणजे माझे हात चांगले होते," ती म्हणाली. "अहो, मला ठाऊक नव्हतं. मी घेतेय असंच समजत होते. मनाचे खेळ असते तर मी ठणठणीत नसते का?"

नणंदेने बिस्किटांची बशी पुढे ओढली. तेवढ्यात रफूवालीचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि ती टेबलाच्या कडेवरून खाली आली. अंग झटके देत होतं. "नाटक करतेय," शिट्टीसर पहिल्यांदा म्हणाले. मग रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टर चिडले होते. "एकदम बंद केलीत? बजावलं नव्हतं?" तिच्या चावलेल्या जिभेला शब्द उचलवत नव्हता. तिने नवऱ्याकडे बोट केलं.

"हट्टी आहे हो," शिट्टीसर म्हणाले. "मला म्हणाली, मी सोडून दाखवते. मी किती समजावलं!"

डॉक्टरांनी ते बोट पाहिलं नाही, लिहीत होते. "पुन्हा पूर्ण गोळी. कमी करायचं वर्षभर तरी नाव नको. आणि सर, गोळ्या तुमच्याच ताब्यात ठेवा. रोज हातावर द्या. अशा पेशंटवर विश्वास ठेवायचा नसतो."

तिची जीभ बरी झाल्यावर ती एकदा एकटीच दवाखान्यात गेली आणि सगळं सांगून आली. डॉक्टर ऐकून घेताना मान हलवत होते. "या आजारात घरच्यांवर संशय येतो," ते हळुवारपणे म्हणाले आणि कागदावर सकाळी घ्यायची आणखी एक गोळी लिहिली.

आता रोज संध्याकाळी सातला शिट्टी वाजते. ती हात पुढे करते. शिट्टीसर कपाटाची किल्ली फिरवतात आणि तिच्या तळव्यावर एक पूर्ण पांढरी गोळी ठेवतात. ती खिडकीशी जाते, पिशवीतलं भिंग काढते आणि गोळी उलटीपालटी करून बघते, काठ, मधली रेघ, रंग. लाँड्रीत कोट बघायची तशी.

"काय गं, संशय?" ते हसून विचारतात. "नको असेल तर ठेव. माझी काही जबरदस्ती नाही."

ती घाईघाईने गोळी तोंडात टाकते.