दोन नंबरचा उमेदवार

कोविडच्या त्या मे महिन्यात पुण्यात माझ्या सासूबाई वारल्या आणि माझ्या बायकोला जाता आलं नाही. इंडियातून ऑस्ट्रेलियाला येणारी विमानं बंद. गेली असती तर परत कधी येणार, हे कोणी सांगेना. तिने अंत्यविधी लॅपटॉपवर पाहिला, लॅपटॉप मिटला आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली. रडली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. त्यानंतर मी काहीही विचारलं की उत्तर एका शब्दात यायचं. हो. नाही. बघू.

मला शांत बसता येत नाही, हा माझा जुना रोग. त्यात लॉकडाउन. सिडनीतल्या स्कोफिल्ड्समधलं आमचं घर नवंकोरं आणि भिंती पातळ. मुलगी वरच्या खोलीत शाळेत, बायको डायनिंग टेबलवर ऑफिसात, मी गराजमध्ये ऑफिसात. दिवसातून दहा वेळा लेटरबॉक्स उघडून बघायचो. काही नसायचं. बायकोशी बोलायला जावं तर शब्द सुचेनात, म्हणून पुन्हा लेटरबॉक्स.

अशात मंडळाची निवडणूक आली. एरवी मराठी मंडळात निवडणूक होतच नाही. चहा पिता पिता कोणाच्या तरी गळ्यात पद मारतात आणि टाळ्या वाजवतात. त्या वर्षी मात्र झूमवर सगळ्यांनाच हुरूप आला आणि दोन गट पडले. माझा मित्र अध्यक्षपदाला उभा राहिला. ॲडलेडला मॉसन लेक्समध्ये युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकत असताना आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो म्हणाला, "उपाध्यक्ष तू हो. काही करायचं नसतं रे, नुसतं नाव."

मी लगेच हो म्हणालो, त्याला कारण होतं. सुतकात आमच्या घरी गॅस पेटला नव्हता. दहा दिवस रोज संध्याकाळी दारात स्टीलचा डबा यायचा. कधी पिठलं-भात, कधी मुगाची खिचडी. बेल वाजायची, आणि दार उघडेपर्यंत माणूस गेलेला असायचा. तेव्हा कोणीच कोणाच्या दारात थांबत नव्हतं. मी गृहीत धरलं, मित्राच्या घरूनच येतोय. दुसरं कोण करणार? त्याला मेसेज टाकला, "खूप केलंस रे." त्याचं उत्तर आलं, "नो वरीज मेट." झालं! अन्नाला जागायचं ठरवून मी उभा राहिलो. माझ्याविरुद्ध उभ्या होत्या मागच्या गल्लीतल्या एक काकू, रिटायर्ड शिक्षिका. मी त्यांची खूप टिंगल केली. म्हणालो, "झूमवर ह्यांचं कपाळच दिसतं फक्त, ह्यांना मंडळ कसं दिसणार?"

त्याच सुमारास मुलीला हिस्टरीची असाइनमेंट आली. पन्नासच्या दशकातली अमेरिकेची निवडणूक, आणि त्यात हरलेला उपाध्यक्षपदाचा उमेदवार. मी म्हटलं, "वा! आपल्या घरचाच विषय." ती म्हणाली, "डॅड, नोबडी रिमेम्बर्स हिम." तो गडी म्हणे गावोगाव हिंडला, शेकडो हात हातात घेतले, भाषणं ठोकली, आणि मतं पडली ती पहिल्या नंबरच्या, म्हणजे अध्यक्षपदाच्या माणसाकडे बघून. मग हरल्यावर काय केलं त्याने, असं मी विचारलं. ती म्हणाली, "वेन्ट बॅक टु वर्क." मला का कोण जाणे, राग आला. रोज संध्याकाळी गराजमध्ये बसून मी लोकांना फोन लावत होतो. आत बायको एकटी टीव्हीसमोर बसायची, आवाज बंद करून. ते मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी फोन लावत होतो.

मतदान रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी झालं. एका घराला एक मत, आणि लिंक आली बायकोच्या ईमेलवर, कारण मेंबरशिप तिच्या नावावर. मी गराजमधून ओरडलो, "दाबलंस का गं?" ती म्हणाली, "हो."

मित्र निवडून आला. मी एका मताने पडलो. त्या अमेरिकेतल्या माणसाला निदान पडताना पहिल्या नंबरच्या माणसाची सोबत तरी होती!

मी तणतणत आत गेलो. "एका मताने! कोणी दगा दिला, शोधून काढतो बघ."

"मत मी दिलं काकूंना," बायको म्हणाली. तिच्या हातात ओलं फडकं होतं. "दहा दिवस त्यांच्या हातचं खाल्लं आपण."

"त्यांच्या? डबा तर..."

"मी वरच्या खिडकीतून बघायचे. डबा ठेवायच्या, गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आणि जायच्या. मला वाटलं, तुला माहितेय. तरी तू त्यांच्याविरुद्ध उभा राहिलास."

"सांगायचंस ना!"

"तू विचारलंस कधी? डब्याचं सोड. दुसरं तरी काही विचारलंस?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. ओट्याखालच्या कपाटात शेवटच्या दिवशीचा डबा तसाच पडला होता. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून मी शिरा करायला घेतला. तळाला लागला. वरचा काढून भरला, मास्क लावला आणि मागच्या गल्लीत चालत गेलो.

काकूंनी दार उघडलं. मी डबा पायरीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरलो. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत आलो होतो, पण त्याच आधी बोलल्या.

"पहिल्या दिवशीचं पिठलं खारट झालं होतं हो. घरी येऊन चाखलं तेव्हा कळलं. खाल्लंत ना तुम्ही? आई गेलेल्या त्या पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे जिवाला घोर लागला होता."

निवडणुकीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी काय बोललो ते सांगतोच.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. "काय म्हणाल्या?"

"पिठलं खारट होतं का, विचारत होत्या."

"मग?"

"खरं तेच सांगितलं. चव आठवत नाही म्हटलं."

"मलाही नाही आठवत रे," ती म्हणाली. "आई गेल्यापासून कशाचीच नाही." आणि तिथेच, चपलांच्या स्टँडपाशी खाली बसून ती रडायला लागली. मी मास्कसकट तिच्या शेजारी बसलो. खिशात फोन वाजत होता, मित्राचा असणार. मी उचलला नाही.