तानुबाईची बारा अंडी

पुण्याजवळच्या भुकूम गावात नवी सोसायटी उठली, तिची पाण्याची टाकी तानुबाईच्या घराच्या वर गेली. तानुबाईचं नाक मात्र टाकीच्याही वर. मोठेपणा मिरवायची भारी हौस बाईला.

तिच्या पुढच्या खोलीत ज्ञानदा आणि दयानंद हे श्रीरामपूरकडचं ख्रिस्ती जोडपं भाड्यानं राहायचं. ज्ञानदा रविवारी चर्चमधल्या बारा मुलांना गोष्टी सांगायची. यंदा इस्टरला त्यांच्यासाठी अंडी रंगवायचं तिनं मनावर घेतलं.

"मावशी, ग्रीस देशात लाल अंडी एकमेकांवर आपटतात. ज्याचं फुटत नाही, त्याला वर्ष चांगलं."

"म्हंजी कोकणात नारळ लढवत्यात तसंच की! अंडी माज्या गावरान कोंबड्यांची. दुकानातली आणलीस तर बग!"

शनिवारी सकाळी टोपलीत भरली नऊच. पण 'औंदाचा इस्टर आमच्या अंड्यांवर हाय' असं तानुबाईनं आधीच चार घरी सांगून ठेवलेलं. आता माघार कशी घ्यायची? ती मागच्या डालग्यापाशी गेली. तिथं खुडूक कोंबडी पंधरा दिवस अंडी उबवत बसलेली. तिच्या पोटाखालची तीन ऊन-ऊन अंडी काढून बाईनं पदराला पुसली आणि त्या नऊ अंड्यांत मिसळली. उकडल्यावर कुणाला कळतंय!

ज्ञानदानं ती कांद्याच्या सालींत उकडली, वर तेलाचं बोट फिरवलं. बाराही तांबडीलाल, चकचकीत. तानुबाई उंबऱ्यात बसून कौतुकानं बघत होती.

"पर अंडंच कशापायी गं?"

"कवच म्हणजे येशूची कबर, मावशी. बाहेरून नुसता दगड वाटतो, पण आत जीव असतो. तो कवच फोडून बाहेर येतो."

तानुबाईचं मिसरीचं बोट दातावरच थांबलं. त्या संध्याकाळी तिला भाकरी गोड लागली नाही. सुनेनं विचारलं तर म्हणाली, "उष्मा हाय."

इस्टरच्या सकाळी नवरा-बायको चर्चमधून परतली तेव्हा तानुबाई दारातच उभी होती.

"ज्ञानदा, त्यातली तीन खुडकीखालची हायेत. आत पिल्लं व्हती. कुटली ती, मलाबी आता वळखायची न्हाईत."

दयानंदला हसू फुटलं, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"नऊ आहेत म्हणाला असतात तर मुलांनी वाटून घेतली असती, मावशी!" ज्ञानदा म्हणाली.

"नऊ म्हनायची लाज वाटली गं."

बोळातून अंडी आपटायला येणाऱ्या मुलांचा कालवा ऐकू आला. दयानंद त्यांना गाणी म्हणायला अंगणात घेऊन बसला. तानुबाईनं अंड्यांची टोपली उचलली आणि गोठ्यामागं जाऊन बसली. ज्ञानदा ताट घेऊन मागोमाग आली.

तानुबाईनं पहिलं अंडं फोडलं, चांगलं निघालं. दुसरंही. ती तीन सापडेपर्यंत फोडत राहायचं, म्हणजे आपटायला मुलांना फार तर एखाददुसरं उरणार होतं. तिसऱ्याचं कवच निघालं आणि आत ओली पिसं दिसली. ज्ञानदानं तोंड फिरवलं. तानुबाईनं ते ओंजळीत धरलं, बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"तू जा पोरांकडं. आजून दोन हायेत, ती मीच फोडते."

ज्ञानदा गेली नाही. ताट मांडीवर ओढून, दुसरीकडं बघत, तानुबाई फोडेल त्यातलं चांगलं अंडं मुलांसाठी ताटात घ्यायला तिनं हात पुढं केला.