गाडीतल्या वहिनी आणि किलीमांजारो

मस्कतमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. गाडीवर धूळ बसते तसे बसतात. आमच्या शुक्रवार मंडळाचे तर इतके झालेत की कुणाकडेही जेवायला गेलं की वरण-भात येईपर्यंत दोन होतात आणि ताक येईपर्यंत भांडण. कारण प्रत्येकाला वाटतं, हा किस्सा माझा! म्हणून म्हटलं, किलीमांजारोचे किस्से एकदा आपणच ओळीने सांगून टाकावेत. मी तिथे होतो, बहुतेक वेळ शुद्धीवर होतो आणि कायम सगळ्यांच्या मागे असल्यामुळे मला सगळे नीट दिसत होते.

*

आधी मंडळ सांगतो. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी पहाटे आम्ही कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याशी जमतो. मी केळकर, अल खौदहून येतो. अल अमेरातहून देशपांडे साहेब येतात. ते सिव्हिल इंजिनिअर आणि आमचे लीडर. लीडर का, तर शिट्टी त्यांच्याकडे आहे! दार्सैतहून सावंत येतात. ते मूळचे कुडाळचे, इथे एका गॅरेजमध्ये फोरमन. आणि सावंतांबरोबर सुनंदा वहिनी आणि डबा.

पहिल्या शुक्रवारी वहिनींची ऋचा अंगावर पिणारी होती. त्यामुळे वहिनी पायथ्याशी गाडीत बसल्या. एसी चालू, मांडीवर मुलगी, पायाशी डबा. पुढे ऋचा रांगायला लागली, शाळेत गेली, आता पुण्याला कॉलेजात आहे. वहिनी मात्र गाडीतच बसत राहिल्या. तुम्ही बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण तुम्ही चला असंही कुणी म्हटलं नाही.

आम्ही घामाघूम होऊन उतरलो की त्या थर्मासमधला चहा ओतायच्या आणि विचारायच्या, "वर काय आहे हो?"

देशपांडे साहेब टोपीने वारा घेत सांगायचे, "काही नाही वहिनी. दगड!"

दर शुक्रवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. आम्ही दर शुक्रवारी हसायचो. वहिनीही हसायच्या.

*

किलीमांजारोला मी, देशपांडे साहेब आणि सावंत असे तिघे निघालो होतो. बुकिंग झालं आणि सावंतांच्या गुडघ्याने मान टाकली. डॉक्टर म्हणाले, जिना चढलात तरी खूप झालं.

त्यावर दार्सैतला सावंतांकडे मीटिंग बसली. मीटिंग म्हणजे सुरमईचं कालवण. देशपांडे साहेब म्हणाले, "आता सावंतांच्या जागी कुणाला घ्यायचं?"

वहिनी भात वाढत होत्या. वाढता वाढताच म्हणाल्या, "मी येते."

 मी काट्यात लक्ष घातलं. देशपांडे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तिकडे गाडी नाही बसायला!"

सावंतांनी बायकोकडे पाहिलं. "तुका याड लागलां काय गो?"

फोनवर ऋचाही होती. "आई, यू डोंट हॅव टू प्रूव्ह एनीथिंग. मीन्स, तुला काय गरज आहे?"

"प्रूव्ह कुठे करतेय?" वहिनी म्हणाल्या. "एकदा बघायचंय मला, वर काय असतं ते. तुम्ही सगळे बघून येता. मी बघितलंच नाही."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मी काटे काढायचं सोडून त्यांच्याकडे पाहिलं.  सावंत थोडा वेळ गुडघ्यावरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, "जा गो तू. माझी काळजी करू नको."

देशपांडे साहेबांनी मला बाहेर जिन्यात गाठलं. "पहिल्या कॅम्पपर्यंत येतील. मग त्यांना खाली पाठवायची सोय करून ठेवू."

*

आता तयारी. मस्कतमध्ये चढाची तयारी होते, पण थंडीची कशी करणार? देशपांडे साहेबांनी इंजिनिअरिंग लावलं. ऑगस्ट महिना. भर दुपारी अल अमेरातमध्ये रस्त्याकडेला गाडी उभी केली, एसी शेवटपर्यंत खाली नेला आणि आत पिसांचं जॅकेट, हातमोजे, माकडटोपी असा सगळा साज चढवून डोळे मिटून बसले. टेस्टिंग!

काचेवर टकटक झाली. बाहेर पोलीस. काच खाली केली तशी भट्टीची हवा आत आली. पोलिसाने टोपीपासून मोज्यांपर्यंत शांतपणे पाहून घेतलं.

"सदीक, यू सिक?" सदीक म्हणजे दोस्त.

"नो नो! ट्रेनिंग. आय गो आफ्रिका."

पोलिसाने जरा विचार केला. "सदीक," तो हळूच म्हणाला, "आफ्रिका आल्सो हॉट."

आणि जाताना पाण्याची बाटली देऊन गेला!

*

वहिनींची तयारी काय, तर दार्सैतचे चढ. भाजी आणायला पायी आणि कृष्णाच्या देवळात पायी. शिवाय एक तयारी अशी होती की ती तयारी आहे हे खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर घरमालकाची आई राहते. सगळे तिला हबूबा म्हणतात, म्हणजे आजी. हबूबा ओमानी, पण जन्म झांझिबारचा. त्यामुळे तिचं तिच्या बहिणीशी फोनवर बोलणं सगळं स्वाहिलीत. वहिनी तिला पुरणपोळी देणार, ती वहिनींना हलवा देणार आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून तासन्‌तास बोलणार. कुठल्या भाषेत, ते सावंतांनाही कधी कळलं नाही.

किलीमांजारोच्या पायथ्याला देशपांडे साहेब आचाऱ्याकडे गरम पाणी मागत होते. आमचा गाइड जोसेफ झकास इंग्रजी बोलायचा, पण तो परवान्याच्या रांगेत होता आणि आचाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. साहेबांची पद्धत अशी की समोरच्याला भाषा कळली नाही तर आवाज वाढवायचा. "वॉटर! हॉट! व्हेरी हॉट!" असं म्हणत त्यांनी हाताने वाफा काढून दाखवल्या. आचाऱ्याने घाबरून त्यांना सावलीत बसवलं.

वहिनी मागून हबूबाच्या स्वाहिलीत म्हणाल्या, "माजी मोटो."

आचारी गर्रकन वळला. मग मिठाला काय, चहाला काय, तुझी आई कुठे असते, सगळं सुरू झालं. ओझी उचलणारी मंडळी गोळा झाली, टाळ्या पडल्या. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई. आमच्या वहिनी त्या क्षणापासून सगळ्या तांड्याच्या मामा झाल्या.

गरम पाणी आलं. पहिला ग्लास मामांना!

*

ओमानमध्ये डोंगर चढायचा म्हणजे उन्हाशी शर्यत. ऊन चढायच्या आत वर आणि ऊन तापायच्या आत खाली. इतक्या वर्षांत ती सवय आमच्या पायांत भिनली आहे. जोसेफ सकाळ-संध्याकाळ एकच मंत्र म्हणायचा, "पोले पोले." म्हणजे हळू हळू. या उंचीवर घाई केली की डोंगर उलटतो.

पण ऐकतो कोण! पहिल्याच दिवशी जंगलातून देशपांडे साहेब जे सुटले, ते शिट्टी वाजवत पार पुढे. "यल्ला केळकर! यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत चला. मीही बराच वेळ पळालो, मग फुफ्फुसांनी राजीनामा दिला. वहिनींना मात्र ही सवय लागणार कुठून? त्या कधी उन्हाच्या आत वर गेल्याच नव्हत्या. त्या आपल्या देवळात निघाल्यासारख्या चालत होत्या.

जोसेफने शेवटी धावत जाऊन साहेबांना गाठलं. "सर, हू इज चेझिंग यू?"

"सन!" साहेब धापा टाकत म्हणाले.

जोसेफने वर पाहिलं. गच्च झाडी, वरून धुकं, बारीक पाऊस.

"विच सन, सर?"

*

वहिनींच्या सामानात कुकर निघाला! सामानाचं वजन करताना काटा खटकन पुढे गेला आणि साहेबांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, हा काय ट्रेक आहे की बिऱ्हाड?"

"मी कुठेही गेले तरी नेतेच. शिर्डीलासुद्धा नेला होता." वहिनींनी स्वेटर कमी केला, कुकर ठेवला.

वरच्या कॅम्पवर गेलो तशी आमची भूकच मेली. आलेलं सूप तसंच परत जायचं. बाहेर वारा, तोंडाला चव नाही आणि जोसेफ सांगतोय, जेवला नाहीत तर वर नेणार नाही. वहिनी उठल्या आणि आचाऱ्याच्या तंबूत शिरल्या.

थोड्या वेळाने त्या उजाड, गप्प डोंगरावर कुकरची शिट्टी झाली.

काय सांगू! आजूबाजूच्या तंबूंच्या चेना सरसर उघडल्या. जर्मन, कोरियन, कोण कोण बाहेर. एक उंच गोरा मनुष्य हातात बूट घेऊन उभा, त्याला वाटलं धोक्याचा इशारा आहे. जोसेफ सगळ्यांना समजावत फिरत होता, "नो प्रॉब्लेम! मामा इज कुकिंग!"

मेतकूट, मऊ भात, वर तूप. मी दोनदा घेतला. देशपांडे साहेबांनी चार घास खाल्ले आणि ताट बाजूला ठेवलं. शिट्टीवरून ते काहीच बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

*

शेवटच्या कॅम्पचं नाव बराफू. अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. तिथे पोहोचेपर्यंत साहेबांचं डोकं ठणकत होतं, ओकाऱ्या होत होत्या आणि सरळ चालताना ते तिरके जात होते. जोसेफने बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि म्हणाला, "खलास, सर." मस्कतच्या लोकांना 'बस, संपलं' कसं सांगायचं हे तो आमच्याकडूनच शिकला होता.

साहेब मोठा माणूस. पण त्या वेळी त्यांचा चेहरा पाहवेना. शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती वहिनींच्या हातात दिली. का दिली कोण जाणे!

वहिनींनी साहेबांचा मफलर नीट गुंडाळला. "भाऊजी, खाली जाऊन पडा. गरम गरम पीत राहा. आम्ही आलोच."

आणि ज्या माणसाबरोबर वहिनींना परत पाठवायचं ठरलं होतं, त्याच माणसाबरोबर देशपांडे साहेब उतरून गेले.

*

शिखरावरची चाल अंधारात सुरू होते. पुढच्याची टाच सोडून काही दिसत नाही. पुढे जोसेफ, मग वहिनी, मग मी. तगडी तगडी पोरं वाटेत दगडांना टेकून बसली होती. वहिनी तशाच चालत होत्या. पाऊल, श्वास, पाऊल, श्वास. वेग वाढला नाही आणि कमीही झाला नाही.

एका वळणावर माझं सगळं संपलं. "वहिनी, मला बसायचंय."

त्या वळल्यासुद्धा नाहीत. "बसायला गाडी नाही भाऊजी. चला!"

उजाडताना आम्ही वर होतो.

ढग खाली होते, म्हणजे पार खाली, गादीसारखे पसरलेले. त्यांच्या पलीकडून सूर्य वर येत होता आणि बाजूला बर्फाची भिंत आधी निळी, मग गुलाबी, मग सोन्याची झाली. मला रडू आलं. लाज कसली त्यात? जोसेफचेही डोळे भरले होते, आणि तो तर तिथे नेहमी येतो.

वहिनी शिखराच्या पाटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक बाजू बघितली, सावकाश, काही राहून जाऊ नये अशी. मोजा काढून बर्फाला हात लावला. मग डबा उघडून जोसेफला आणि मला मेथीचा लाडू दिला आणि गळ्यातली शिट्टी जी काही फुंकली, तिथला प्रत्येक माणूस वळून पाहायला लागला!

वर फोनला रेंज आली. दार्सैतला रिंग गेली.

"पोचलंस?" सावंतांचा आवाज.

"पोचले."

पलीकडे सावंतांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मगे बस जरा थंय. घाई करू नको."

वहिनी बसल्या.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगू देत नाही.

दुपारी उतरत उतरत खालच्या कॅम्पवर आलो. देशपांडे साहेब तंबूच्या तोंडाशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर घोंगडी, रंग परत आलेला, पायाशी थर्मास. आम्हाला पाहून ते उठले. थर्मास उघडला, चहा ओतला आणि पहिला कप वहिनींच्या हातात दिला. 

वहिनी दगडावर टेकल्या. चहाचा घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला.

साहेबांना राहवेना. "वहिनी," त्यांनी विचारलं, "वर काय आहे हो?"

वहिनींनी कप खाली ठेवला.

"काही नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "दगड!"