उतरलं की चालू होणारी गाडी

खर्ड्यात कुणाची मोटर जळाली की तो ती अजिनाथच्या दुकानात आणून टाकतो, आणि ती भरते कडूबाई. पाटीवर नाव नवऱ्याचं आहे. त्यात लपवाछपवी काही नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. अजिनाथ विहिरीवर जातो, साखळी-कप्पी लावून मोटर वर काढतो, टेम्पोत घालून आणतो. जळकी तार उपसून नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं बसवायची, म्हणजे इकडच्या भाषेत मोटर भरायची, हे बैठं काम तिचं.

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत. हिला तरी दृष्ट लागू नये म्हणून आईबापांनी नाव कडू ठेवलं. दोघं ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयते, भांडी आणि पोरं ट्रॅक्टरवर चढायची, ती पाडव्याच्या सुमाराला परत उतरायची. त्यामुळे तिची शाळा चौथीपर्यंत, तीही दरसाल अर्धीच. लग्न होऊन खर्ड्याला आली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात दुकानात एकवीस मोटरी साठल्या. अजिनाथला विहिरीवरून घरी यायला सवड होईना. तिनं त्याला न विचारता एक मोटर उघडली, जुने वेढे मोजत मोजत उलगडले, तितकेच नवे घातले. मोटर चालली. त्याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली.

वेढे मोजताना ती कुणाशी बोलत नाही. समोर कोणीही येवो, डावा तळहात वर करते. मोजणी संपेपर्यंत माणूस उभा.

जानेवारीत एक दिवस ज्योती सिस्टर अशीच उभी राहिली. ही मूळची कर्जतची, तिशीतली, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर लसीकरणाला जाणारी नर्स. दीड वर्षापूर्वी तिनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. मागच्या सीटवर लशींचा निळा डबा दोरीनं बांधायचा आणि दिवसभर फिरायचं, असं तिचं काम.

"मावशी, गाडी मधेच बंद पडते," मोजणी संपल्यावर ती म्हणाली.

"बॅटरी?"

"भरलेली असते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो. मोटरच तेवढी ओढायची थांबते. आणि थोड्या वेळानं परत चालू होते."

"दुकानवाले काय म्हनले?"

ज्योतीनं सांगितलं. नगरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ती गाडी दोनदा घेऊन गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, अर्धा तास चाक फिरवलं, एक सडसडीत पोरगा चौकापर्यंत चक्कर मारून आला. काही झालं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी कंट्रोलरही बदलला. हा कंट्रोलर म्हणजे बॅटरीतली वीज मोजून मापून मोटरीला देणारा डबा. तरी आठवड्यानं गाडी पुन्हा बंद. तिसऱ्यांदा फोन केला तर तिकडून उत्तर आलं, की मॅडम, गाडीत दोष नाही, तुमच्या चालवण्यात असेल. ब्रेकवर बोटं राहत असतील.

"आता दवाखान्यातपण तेच म्हणतात सगळे," ज्योती म्हणाली.

इलेक्ट्रिक गाडीच्या दोन मोटरी कडूबाईनं याआधी उघडून पाहिल्या होत्या, बाकीचं मोबाईलवरच्या हिंदी व्हिडिओंतून कळलं होतं. मोटर चाकातच असते. तिच्यातून तीन जाड तारा बाहेर येतात, त्यातून ताकद जाते. आणि पाच बारीक तारा येतात, त्या चाक कुठवर फिरलं याची खबर कंट्रोलरला देतात. खबर तुटली की कंट्रोलर मोटर थांबवतो.

तिनं गाडी ठेवून घेतली. पाय ठेवायची पाटी उघडली तर जाड तारांपैकी एकीचा बोल्ट ढिला, आणि त्याखालची जागा काळी पडलेली. तिनं ती पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट आवळला. दुसऱ्या दिवशी ज्योती गाडी घेऊन गेली. आठ दिवस गाडी बिनबोभाट चालली. कडूबाईला वाटलं, मिटलं.

नवव्या दिवशी ज्योती दुकानात आली ती हेल्मेट न काढताच.

"मावशी, जामखेड रोडला बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. ड्रायव्हरनं तो माझ्या हात-दीड हातावरून काढला."

अजिनाथ बाहेर टेम्पो धूत होता. तो म्हणाला, "अवो सिस्टर, ही विकून पेट्रोलची घ्या."

बोल्ट ढिला होता हे खरं होतं, पण तो दोष वेगळा होता आणि त्यावर आपण भरवसा ठेवला, हे कडूबाईला लागलं. भरलेली मोटर परत आली तर ती दोन दिवस नीट जेवत नाही, अशी तिची जात आहे.

तिनं ज्योतीला खाटेवर बसवलं. "बंद पडल्यावर तुमी काय काय करता, ते पहिल्यापासून सांगा."

"काय करणार? बाजूला घेते. उतरते. स्टँडवर लावते, चावी बंद करते, परत चालू करते. मग चालू होते."

"दर खेपंला?"

"दर खेपंला."

"चावीला हात न लावता, नुस्तं उतरून बघितलं का कवा?"

ज्योतीनं नाही म्हणून मान हलवली.

"आता बघा. चावी तशीच ठेवायची. स्टँड न्हाई, काय न्हाई. उतरायचं, हातानं गाडी धरून मूठ जराशी पिळायची. आन् बंद कुठं पडली ते लिवून ठेवा. हमरस्त्यानं जाऊ नका तवर."

ज्योतीनं लशींच्या रजिस्टरमधला एक कोरा कागद फाडून घेतला. पाच दिवसांनी तो घेऊन ती आली. गाडी सहा वेळा बंद पडली होती. चार वेळा गतिरोधकावर, एकदा ओढ्याच्या उतारावरच्या खड्ड्यात, एकदा सपाट रस्त्यावर, पण तेव्हा मागं डब्याबरोबर लसीकरणाला सोबत येणारी आशाताईही बसली होती. आणि सहाही वेळा ज्योती नुसती उतरली, की मूठ पिळल्याबरोबर चाक फिरलं होतं.

कडूबाईनं कागद दोनदा वाचला. तिला सातेफळच्या शिवारातली एक बोअर आठवली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिनं भरलेली पाणबुडी मोटर जमिनीवर झकास चालायची आणि बोअरमध्ये सोडली की बंद. अजिनाथनं ती तीनदा वर काढली, तीनदा जमिनीवर चालवून पाहिली, तीनदा शेतकऱ्याचे बोल ऐकले. शेवटी कळलं, दोष मोटरीत नव्हताच. मोटर खाली लोंबकळली की तिच्या वजनानं वायरचा जोड ताणून सुटायचा, वर काढली की परत टेकायचा.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "हिकडं या. गाडीवर बसा."

"मी? मला कुठं येती चालवता?"

"चालवायची न्हाई. मागच्या सीटवर नुस्तं बसायचं."

अजिनाथ नव्वद किलोचा गडी. तो बसला तशी गाडी मागून खचली. कडूबाईनं पाटी उघडली, चावी लावली, त्या बारीक तारांच्या जोडावर मीटरच्या सुया टेकवल्या आणि ज्योतीला हँडल धरून गाडी इंच-इंच पुढं ढकलायला लावली. चाक फिरेल तसा काटा वर-खाली व्हायला हवा. पिवळ्या तारेवर झाला. निळीवरही झाला. हिरवीवर मात्र काटा एका जागी खिळला.

"उतरा," ती म्हणाली.

अजिनाथ उतरला. ज्योतीनं गाडी पुन्हा ढकलली. काटा वर-खाली व्हायला लागला.

"बसा."

खिळला.

"उतरा."

"अगं, काय उठाबशा काढायला लावतीस का काय!" अजिनाथ म्हणाला, पण तोही आता वाकून काट्याकडं बघत होता.

गाडी स्टँडवर चढवली की मागचं चाक मोकळं लोंबतं, तार सैल पडते आणि दोष झोपी जातो. सर्व्हिस सेंटरनं दर वेळी नेमकं तेच केलं होतं. चक्कर मारणारा पोरगा सडसडीत, मागं डबा नाही. कडूबाईनं मागच्या चाकातून निघणाऱ्या तारा पकडून त्यांवरून बोटं फिरवत नेली. एका जागी प्लॅस्टिकच्या पट्टीनं त्या करकचून बांधल्या होत्या. पट्टी कापली. त्याच जागी हिरवी तार बोटाखाली वातीसारखी मऊ लागली. वरचं हिरवं वेष्टण अखंड, आतलं तांबं तुटलेलं.

"मागलं चाक कवा काढलं हुतं?"

"दिवाळीत," ज्योती म्हणाली. "टायर बदलला तेव्हा." मग तिच्या लक्षात आलं. "त्यानंतरच सुरू झालं हे."

कडूबाईनं तुटका तुकडा कापून टाकला, नवीन तार कथलाचा डाग देऊन जोडली, जोडावर प्लॅस्टिकची नळी चढवली, आणि चाक वर-खाली झालं तरी ताण बसू नये म्हणून चार बोटं ढील ठेवून हलक्या हातानं बांधली. अर्ध्या तासाचं काम. मग अजिनाथला मागं बसवून ज्योती वेशीपर्यंत गेली. वाटेतल्या दोन्ही गतिरोधकांवरून तिनं मुद्दाम गाडी आपटत नेली. कुठं थांबली नाही.

परत आल्यावर ती आनंदानं काही बोलेल असं कडूबाईला वाटलं होतं. पण ती नुसती खाटेवर बसली. मग म्हणाली, "मावशी, मी दीड महिना रोज सकाळी शाळेच्या मैदानावर जात होते. पोरं यायच्या आधी. गाडी चालवायला परत शिकत होते. बोटं ब्रेकपासून लांब ठेवायची सवय करत होते."

"रोज?"

"रोज. मला वाटायला लागलं होतं, खरंच माझंच काहीतरी चुकतंय."

आपल्याला तरी पहिल्या दिवशी काय वाटलं होतं, हे कडूबाईनं मनात तपासून पाहिलं. बाईचं खरं की दुकानवाल्याचं, हा विचार तिनं केलाच नव्हता. तिनं फक्त बोल्ट पाहिला होता. ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. दोघींनी चहा प्यायला. कापलेला हिरवा तुकडा ज्योतीनं मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. दवाखान्यात दाखवायचा होता.

सर्व्हिस सेंटरला तिनं फोन करून सगळं सांगितलं. पलीकडच्यानं ऐकून घेतलं आणि बाहेर काम केल्यामुळे आता वॉरंटी राहणार नाही, एवढं सांगितलं.

फेब्रुवारी सरत आला तशा विहिरी खोल गेल्या, मोटरी कोरड्या ओढायला लागल्या आणि जळायला लागल्या. दुकानासमोर रांग लागली. अजिनाथ चहाच्या टपरीवर स्कूटरची गोष्ट सांगायचा, आणि त्याच्या सांगण्यात गाडीवर बसायची युक्ती त्याचीच असायची. कडूबाईच्या कानावर ते आलं. "गाडीवर बसले हुते तर तेच," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

उन्हाळाभरात आणखी तीन इलेक्ट्रिक गाड्या आल्या. एकीच्या प्लगमध्ये धुताना पाणी शिरलं होतं, ती तिनं वाळवून दिली. दुसरीचा ब्रेकमधला स्विच अडकत होता. तिसरी मिरजगावच्या एका मास्तरांची. ती पाच-सहा किलोमीटर पळून तापली की बंद पडायची. त्या गाडीवर तिनं अजिनाथला बसवलं, तारा चाचपल्या, चाक खोलून आतले वेढे पाहिले, चार दिवस ठेवून घेतली. पाचव्या दिवशी मास्तर आले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, ह्यातलं मला समजलं न्हाई. पुन्याला कुनी असंल तर दावा. दोष हाय मात्र, तुमी म्हनता ते खरं हाय."

मास्तरांनी गाडी टेम्पोत चढवली. कडूबाईनं मागून दोरी आवळायला हात लावला.