उंबऱ्यावरची शिंक

लग्नानंतर माझं गाव, केम, सोडलं त्या सकाळी आईनं मला गाडीत बसवलं आणि खिडकीच्या गजांतून सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सुरू केलं. "हात भाईर काडू नगंस. कुनी दिलेलं खाऊ नगंस. दाराशी तर जाऊच नगंस." नवरा शेजारीच बसला होता, पण तो तिच्या हिशेबातच नव्हता. केम ते सोलापूर, प्रवास तो केवढासा! तरी मला वाटलं, आपण लढाईवरच निघालोय. मागं राहिलेल्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच निघालेल्या बहिणींनो, तुमच्या आयांनी दिलेले लाडू कधीच संपले असतील. माझ्या आईनं बांधून दिलेलं भ्या अजून पुरतंय.

शुक्रवार पेठेत दोन खोल्या मिळाल्या. नवरा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात. आईचा नियम मी सोबत आणला होता: निघताना शिंक आली की मागं फिरायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. आता सुताची लव दिवसभर नाकात घेणाऱ्या माणसाच्या घरात हा नियम! तो सायकलला हात लावायचा नि शिंकायचा. मी तांब्या घेऊन हजर. "तुझ्या नियमानं चाललो तर सोलापुरात टॉवेल मिळायचा न्हाय," तो म्हणायचा. मीही हसायचे. पाणी मात्र पाजायचेच.

आमची लेक मुक्ता चौथीत गेली आणि रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल. मग दप्तर पाठीला लागलं की ती शिंकायला लागली. शिंक खोटी आहे हे मला कळायचं, तरी मी तिला बसवायचे. बसली की उठायची नाही. शाळा सुटली, मग खेळणं सुटलं, मग दुकानापर्यंत जाणंही.

डॉक्टरांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. मला वाटलं, पोरीला विचारतील. त्यांनी मलाच विचारलं, "ती शाळेत जायची तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. कधीमधी."

"रोजच की," मुक्ता म्हणाली.

मग त्यांनी तिला विचारलं, भीती कशाची वाटते. ती चप्पल घासत म्हणाली, "आईला लई भ्या वाटतं. मी गेल्यावर तिच्याजवळ कोन?"

मी पोरीला राखत होते, आणि पोर मला.

उपचार दोघींचे सुरू झाले. आधी अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. मी आधी गेटपर्यंत, मग बोळाच्या कोपऱ्यापर्यंत, शेवटी फक्त उंबऱ्यापर्यंत. भीती आली की मुक्ताच्या मागं धावायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं. आणि भीती वाटत नाही असं खोटं बोलायचं नाही.

उंबऱ्याच्या पहिल्याच दिवशी शिंक आली ती मला. अगदी खरी. मुक्ता पायरीवरच थबकली, माझ्या तोंडाकडे बघत. आईला जाऊन वर्षं झालीत, पण मागच्या खोलीतून तिचा आवाज लख्ख आला: "थांबीव की गं पोरीला!" तांब्या हाताशी होता. मान वळवली असती तर आई दिसलीच असती, म्हणून मी वळवली नाही.

"भ्या वाटतंय मला," मी म्हणाले. "पर तू जा."

ती गेली. दिवसभर मी घरातच बसून राहिले. मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

संध्याकाळी चपला भिरकावत ती आली. "दुकानात बसलीवतीस?"

"न्हाय. घरीच."

"भ्यालीस?"

"लई."

"मी पन. मग डबा खाल्ला."

केमच्या घरात 'काळजी वाटते' हे उठताबसता ऐकलं. 'भ्या वाटतं' असं कुणी कधी म्हणालं नाही. आईला मी कधी विचारलंही नाही की बाई, तुला कशाचं भ्या वाटतं? या दोन खोल्यांत ते विचारता येतं, म्हणून मी आता यांनाच घर म्हणते. आई मात्र अजून मागच्या खोलीत येते, सूचना देते. तिला जवळ बसवून हे विचारायचं कसं, तेवढं मॅडमनाही सांगता आलं नाही.