पिवळ्या भाताचा शेंडा

सुतोमो मूळचा जावाचा, ऑफिसातला माझा मित्र. आता कॅलिफोर्नियात असतो. तो इथं आमच्या गावी, चँडलरला असताना त्याच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी आणि माझी बायको मंगल दवाखान्यात त्याच्यासोबत बसलो होतो. आई बऱ्या झाल्या म्हणून त्यानं जेवण ठेवलं. शनिवार आहे एवढं बघून मी हो म्हटलं.

पहाटे निघालो. वाटेत ब्लाइथला पेट्रोल भरून घेतलं. पुढं वाळवंटात पंप विरळ आहेत. तिथं मंगलनं पर्समधलं पंचांग चाळलं.

"अहो, आज एकादशी."

"आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही वार बघितलात. तिथी कुठं बघितलीत?"

इंडोनेशियाचं जेवण म्हणजे एक जेवण नव्हे, हे सुतोमोच्या अंगणात कळलं. पाडांगचं नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, मानाडोची लालभडक मिरची, जावाची शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी, ओलं खोबरं घातलेला पाला, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. कडेला अंबोन बेटावरच्या एका मावशींनी आणलेली, सागूच्या पिठाची पारदर्शक, चिकट खळ. तिच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. मधोमध हळदीच्या भाताचा उंच शंकू, तुम्पेंग.

प्रार्थना झाली. शब्द कळले नाहीत, पण माझे हात जुळले. मग आईंनी शंकूचा शेंडा कापला. तो मानाच्या माणसाला देतात. त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं.

एकादशीला मी आजवर भात खाल्लेला नाही. आणि मरणाच्या दारातून परतलेल्या बाईचं ताट परतवायचं तरी कसं?

मी सुतोमोला खरं ते सांगितलं. त्यानं आईंना सांगितलं. त्या बोलल्या, ते सुतोमोनं आम्हाला सांगितलं.

"आई म्हणते, रोजा धरलेल्याला कुणी जेवायला लावतं का? सुटेल तेव्हा खा."

शेंडा केळीच्या पानात बांधला गेला. मंगलनं त्या खळीकडं बोट केलं. "हा साबुदाणाच ना? हा चालतो आम्हाला."

अंबोनच्या मावशी म्हणाल्या, "जावाच्या लोकांना हा गोंद वाटतो. देवानं आज गिऱ्हाईक पाठवलं." दोन काड्यांवर गुंडाळून, नारळाच्या गुळासोबत त्यांनी आम्हाला वाढलं.

त्याच संध्याकाळी परत फिरलो. द्वादशीला आंघोळ करून पान सोडलं, भात वाटीत काढला आणि वाटी देवापुढं ठेवली. नैवेद्याचं पाणी फिरवणार, तोच सुतोमोच्या अंगणातली प्रार्थना आठवली आणि हात थांबला. एकदा देवाला दाखवलेलं अन्न पुन्हा दाखवत नाहीत.

वाटी उचलली. थोडा भात मंगलच्या तळहातावर ठेवला, थोडा माझ्या, आणि उपास सोडला.