मी न पाहिलेलं यॉर्क

इंग्लंडमधलं यॉर्क शहर कसं बघायचं, हे मला विचारा. स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच दगडी तट दिसतो. त्यावर चढायचं, तिकीट नाही. हा तट जुन्या शहराभोवती फिरतो, रमतगमत गेलात तर दोन-अडीच तासांत फेरी होते, आणि त्यांच्याकडचा हिवाळा सरला की तटाच्या उतारावर पिवळी फुलं फुललेली असतात. आपल्या पन्हाळ्याबद्दल सांगावं तशा तोऱ्यात मी हे सांगत असे. मी स्वतः मात्र आयुष्यात एकदाच लांबचा प्रवास केला होता. मुंबईपर्यंत. तिथूनही दुसऱ्या दिवशी रडत परत आले होते.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माहेर उचगावचं, सासर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. नवरा यॉर्कमधल्या एका हॉटेलात आचारी होता, म्हणून माझ्या वडिलांनी हौसेनं लग्नाआधीच माझा पासपोर्ट काढून ठेवला होता. लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. नाव सासऱ्यांनी ठरवलेलं, त्यांच्या आईचं. ते लहान असतानाच ती गेली होती, आणि ते नाव घरात पुन्हा ऐकू यावं म्हणून ते थोरल्या सुनेची वाट बघत होते. मला नाव आवडलं, खोटं कशाला बोलू. पुढं लग्नाचा दाखला काढला तोही त्याच नावानं. पासपोर्टवर वेगळं नाव आहे, हे एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तीन आठवड्यांनी नवरा परत गेला. जाताना म्हणाला, दोन महिन्यांत तू तिकडं असशील. मी सासऱ्यांबरोबर व्हिसासाठी मुंबईला गेले. खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट बघितला, दाखला बघितला आणि शांतपणे विचारलं की या दोघी कोण. मी म्हटलं, दोन्ही मीच. त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवले.

कोल्हापुरातल्या वकिलांनी उपाय सांगितला. सासऱ्यांनी स्टँपपेपरवर लिहून द्यायचं की पासपोर्टवरचं नाव हेच मुलीचं खरं नाव, लग्नातलं नाव नुसतं रीतीपुरतं. मग दाखला बदलून मिळेल. एका पानाचं काम. सासरे खुर्चीतून उठले ते बसायला तयार होईनात.

"माज्या आईचं नाव रीतीपुरतं? आसं म्या सरकारी कागदावर लिवून देऊ?"

वकिलांनी परोपरीनं समजावलं. मी दाराशी उभी राहून पदराचं टोक पिळत होते. घरी आल्यावर त्यांनी माझा पासपोर्ट आपल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. पासपोर्टच नव्या नावाचा करून घेऊ, असं त्यांच्या मनात होतं. पण माझा जन्म, माझी शाळा, सगळं जुन्या नावानं. कागद जायचे आणि काहीतरी कमी आहे म्हणून परत यायचे. असं वर्षभर चाललं, मग त्यांनी नाद सोडला. तोवर सासूबाईंचे गुडघे धरले होते, घर माझ्यावर चालत होतं, आणि मी जावं अशी घाई कुणालाच उरली नव्हती.

नवऱ्यानं जाताना मला यॉर्कचं एक माहितीपत्रक दिलं होतं, घडीचं, मागं नकाशा असलेलं. शहरात काय बघायचं, काय करायचं, सगळं त्यात. ते मी डिक्शनरी घेऊन शब्द शब्द लावून वाचलं. दुपारी भांडी झाली की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं आणि नकाशावरून बोट फिरवायचं. मला बाहेर जायचं म्हणजे शुक्रवारी सासूबाईंना धरून अंबाबाईला आणि मंगळवारी भाजीला. फुटबॉलचा सामना असला की पेठेतली सगळी माणसं मैदानावर, गल्ली मोकळी, तरी मी पायरीवरच. तिथं बसून मी मोठ्या चर्चच्या मनोऱ्याच्या पावणेतीनशे पायऱ्या चढले, नदीवर होडीत बसले, म्युझियममधली जुनी इंजिनं बघितली. एक गल्ली तर अशी अरुंद की वरचे मजले पुढं झुकून एकमेकांना टेकायला आलेत. पूर्वी तिथं खाटकांची दुकानं होती, मटण टांगायचे आकडे अजून भिंतींना आहेत.

सासऱ्यांना याचा फार अभिमान. शाहूवाडीकडचे पाहुणे आले की चहा व्हायच्या आधी मला हाक यायची, "सूनबाई, पावण्यास्नी यार्क सांग की." मग मी ओल्या हातानं दारात उभी राहून यॉर्क सांगायची. पाहुणे माना डोलवायचे. एकदा एका आजींनी विचारलं, पोरी, तू कवा जाणार? सासऱ्यांनीच उत्तर दिलं, जाईल की, कागद चालल्यात. कागद त्यांच्या मागच्या कपाटात होते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्या असा आपटला की त्याला पोचा आला. तो तांब्या अजून घरात आहे.

दोन वर्षांनी नवरा महिन्याच्या रजेवर आला. घर पाहुण्यांनी भरलं. या वेळी मला कुणी हाक मारली नाही, खुद्द यॉर्कचा माणूस समोर बसला होता. कुणीतरी त्याला तटाबद्दल विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, तट हाय की, बस त्याच्या खालनंच जाती. वर चढता येतं का, हे त्याला सांगता येईना. मनोऱ्याच्या पायऱ्या किती, माहीत नाही. त्या अरुंद गल्लीचं नावही ठाऊक नाही. शेवटी मीच दारातून सांगितलं. लोक हसले. हा माणूस तिथं खरंच राहतो ना, असं माझ्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर मी पापड वाळत घालत होते. तो वर आला. मी सरळ विचारलं.

"तुम्ही दोन वर्षांत एकदाबी तटावर चढला न्हाईसा?"

"सुट्टी आसती सोमवारी," तो म्हणाला. "पर न्हाय चढलो. तू आल्यावर दोघांनी मिळून बघायचं म्हणून ठिवलंय."

मला गलबलून आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. मी हितं कोंडलेली, आणि जो मोकळा आहे त्यानं माझ्यासाठी डोळे मिटून बसायचं, याला काय म्हणायचं? मी म्हटलं, मग आजच्या आज तुमच्या आबांना सही करायला सांगा, एक पान आहे. त्यानं मान खाली घालून एक पापड उलटा केला. म्हणाला, आबांना कसं बोलायचं? त्यांची आई हाय ती. तो उरलेले पंधरा दिवस राहिला, जेवला, माझ्याशी फार मायेनं वागला, आणि गेला. सासऱ्यांपुढं एक शब्द काढला नाही. कपाटाच्या किल्लीचा मला तोवर जेवढा राग होता, त्याहून जास्त त्या खाली घातलेल्या मानेचा आला.

दोन हजार साली त्याचं हॉटेल बंद पडलं आणि तो कायमचा परत आला. शेवटच्या दिवशीही तटावर चढला नव्हता. आम्ही पेठेतच खानावळ काढली. यॉर्कचा विषय आम्हा दोघांत पुन्हा निघाला नाही.

चार वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी कॉम्प्युटरची, दोघांनाही इंग्लंडमध्ये, यॉर्कच्या जवळच लीड्सला नोकरी लागलेली, तिचा व्हिसाही येऊन पडलेला. सासऱ्यांनी तिच्यासाठी आपल्या आत्याचं नाव काढून ठेवलं होतं. थोरली जाऊ म्हणून तांदळाचं ताट माझ्या हातात आलं. मी तांदूळ पसरले, हात फिरवून सारखे केले. दिरानं अंगठीसाठी हात पुढं केला. मी अंगठी त्याला दिलीच नाही. मीच खाली बसले आणि तांदळात लिहिलं, तिचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव, ठळक.

सासरे चष्मा पुसून वाकले. "ह्ये कुटलं नाव?"

"तिच्या पासपोर्टवरचं," मी म्हटलं. "मामंजी, एका घरात दोन नावांची एक पुरे."

ताट मी घट्ट धरलं होतं. सासऱ्यांनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं, मग पेढ्यांचा पुडा उचलला आणि स्वतः वाटायला लागले. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

जाताना धाकट्या जावेला मी तो नकाशा दिला. घड्यांवर चिरला होता, मागून मी चिकटपट्ट्या लावल्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये एका रविवारी, मी भाकरी थापत असताना, तिचा फोन आला.

"ताई, मी तटावर हाय. पर हितं संपला की तट."

"नदीचा पूल दिसतोय?"

"व्हय."

"संपला न्हाय. खाली उतर, पूल ओलांड, पुढं दगडी वेस लागंल. तिथनं परत चढ. आता चर्च आणि बागा बघत चालायचं, घाई करायची न्हाय."

ती चालत राहिली, मी सांगत राहिले. भाकरी करपली. नवरा दारात येऊन उभा होता. सासरे पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकत होते. फोन ठेवला तेव्हा कपाट उघडल्याचा आवाज आला.

ते स्वयंपाकघरात आले. हातात माझा पासपोर्ट होता. त्यांनी तो लांब धरून पहिल्या पानावरचं इंग्रजी एकेक अक्षर लावलं, आणि माझं माहेरचं नाव मोठ्यानं वाचलं. त्या घरात दहा वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप "ओ" गेली.

"ह्ये घे," ते म्हणाले. "वकिलाला बलीव. सई करतो."

मी पिठाचे हात पुसून पासपोर्ट उघडला. मुदत संपून दोन महिने झाले होते. आतली सगळी पानं कोरी होती. सासऱ्यांना ते कळलं नव्हतं, ते तसेच उभे होते, मी काय म्हणते याची वाट बघत. मी बरं म्हटलं, पासपोर्ट पिठाच्या डब्यावर ठेवला आणि तव्यावरची करपलेली भाकरी काढली.